त्याला जुगाड म्हणू नका

माझी गाडी 2014 ची आहे. पेट्रोलवर चालते, सोलापुरातच घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी चालत होती, पण पेट्रोल जास्त खात होती. सकाळी सुरू केली की काही वेळ मागून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. मी आधी एका मोठ्या, काचेच्या दारांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं एसीत बसवलं, चहा दिला आणि तासाभराने एक कागद हातात ठेवला. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे, तो जाम झालाय, निघत नाही, जबरदस्ती केली तर आटे जातील. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट अख्खा मॅनिफोल्ड बदलावा लागेल. खर्च 34 हजार.

मी कॉलेजात शिकवतो. 34 हजार ऐकून माझाही दिवा लागला. कागद घडी करून खिशात ठेवला आणि विजापूर वेशीकडे आमच्या उस्तादांकडे गेलो.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, समोर रस्ता आणि रस्त्यावरच उभ्या तीन-चार गाड्या. वय साठीच्या पुढं. त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षांचा एक पोरगा आहे, सातवीत शाळा सोडून आलेला. त्याच्याकडे मोबाइलला जोडायचा एक छोटा स्कॅनर आहे, त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला. पोरग्यानं तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाइल पाहिला आणि म्हणाला, "पी-0135. हीटर गया." मग फ्यूज तपासला. तो चांगला होता. मल्टिमीटर काढून सेन्सरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. चांगल्या हीटरला तिथं काही ओहम दिसतात. इथं काहीच दिसेना, आतली तार तुटली होती. म्हणजे सेन्सर खरंच मेला होता. वर्कशॉप निदानात खोटं बोललं नव्हतं, आणि हे नोंदवायला हवं.

हा सेन्सर काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनानं साधारण 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण राखलं तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातला विषारी वायू नीट निकामी करतो. जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते सेन्सर सांगतो, आणि त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकची, टोपी असते. तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की एक व्होल्टहूनही कमी वीज तयार होते. पण हे सिरॅमिक सुमारे 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर. 1976 साली व्होल्वोनं बॉश कंपनीचा असा सेन्सर आपल्या गाडीत बसवला, तेव्हापासून जगभर तो पसरला. आपल्याकडे 1 एप्रिल 2010 रोजी बीएस-4 नियम ज्या मोजक्या तेरा शहरांत आधी लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. आणि 2020 पासून बीएस-6 आल्यावर मोटरसायकलींच्या सायलेन्सरवरही हा सेन्सर दिसू लागला.

तो जाम का होतो? लोखंडी आटे लोखंडी आट्यांत बसवायचे, त्यांना काही शे अंशांपर्यंत तापवायचं, थंड करायचं, त्यावर पावसाचं पाणी उडवायचं, आणि हे दहा वर्षं रोज करायचं. आट्यांच्या फटीत गंज आणि काजळी भरते. धातू धातूला चिकटतो. मग जोर लावला की सेन्सर निघत नाही, आटे सोलले जातात.

उस्तादांनी वाकून पाहिलं, पाना हातात न घेता. मग म्हणाले, "सर, लोहे से कुस्ती नै खेलनेकी. आज तेल पीने दो उसकू."

आधी नवा सेन्सर आणायला लावला. माझ्यासमोर जुन्याशी प्लग जुळवला, वायरीची लांबी जुळवली, आट्यांचा माप घेतला. नवा हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मग इंजिन काही मिनिटं चालवलं, बंद केलं आणि लोखंड हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू दिलं. पोरगा लगेच स्प्रे मारायला निघाला होता, त्याचा हात धरला. तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडलं तर धूर होतो, पेटही घेतं. कोमट लोखंडावर सेन्सरच्या बुडाशी चारही बाजूंनी गंज सोडवणारं तेल मारलं. तासाभरानं पुन्हा, शेड बंद करताना पुन्हा. मला रिक्षानं घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सेन्सरच्या चारही वायरी कापून टाकल्या. मी दचकलो. उस्ताद हसले. वायर असली की पूर्ण गोलाची गोटी वरून बसत नाही. मग बाजूला चीर असलेली गोटी वापरावी लागते, आणि जोर पडला की ती चीर फाकते आणि षटकोनाचे कोपरे गोल होतात. मेलेल्या सेन्सरची वायर कशाला जपायची? वायर कापली की 22 ची सहा कोनांची खोल गोटी घट्ट बसते. बारा कोनांची त्यांनी बाजूला सारली, तीही घसरते म्हणून.

मग मला न पटणारी गोष्ट केली. सैल करायच्या आधी सेन्सर किंचित आवळला. केसभर. 'कट्' असा आवाज आला. "सुना?" त्यांनी पोरग्याला विचारलं. पोरगा म्हणाला, "हौ." गंजाचा थर फुटल्याचा तो आवाज होता. आता उलटं फिरवलं. पाव वेढ्याहून कमी आलं आणि दगडासारखं थांबलं. मी असतो तर इथं पाइप लावून लटकलो असतो. वर्कशॉपवाल्यानंही कदाचित तेच केलं असेल आणि हात टेकले असतील. उस्तादांनी परत आत फिरवलं, तेल सोडलं, पुन्हा बाहेर. दहा-बारा वेळा. जिथं अडतं तिथून मागं यायचं, कारण अडलेल्या जागी आट्यांत कचरा साचलेला असतो आणि जोर केला की तोच आटे खातो.

तरीही अर्ध्यावर अडलं. आता आग. पण त्याआधी पाऊण तास आवराआवर. स्प्रेचं सगळं तेल कापडानं पुसून काढलं, जवळची वायरिंग आणि पेट्रोलची नळी ओल्या गोणपाटानं झाकली, वाळूची बादली जवळ ठेवली. गॅसची ज्योत त्यांनी सेन्सरला अजिबात लावली नाही. सेन्सर ज्या कडीत बसतो, त्या कडीभोवती गोल फिरवली. कडी तापून फुगते, भोक किंचित मोठं होतं, सेन्सर मागं राहतो. सेन्सरच तापवला तर तो फुगून आणखी घट्ट बसेल. ज्योत बंद केली, गोटी लावली, टॉमी धरली आणि खांद्याचा जोर न लावता, मनगटानं फिरवत राहिले. सेन्सर बाहेर आला तेव्हा त्याच्या शेवटच्या दोन आट्यांवर कडीचा चकाकता धातू चिकटलेला होता. आणखी अर्धा वेढा ओढाताण केली असती तर आटे गेलेच असते.

पुढचं काम सोपं, पण कुणी टाळतं ते हेच. 18 बाय 1.5 चा टॅप ग्रीस लावून हातानं कडीत फिरवला. ग्रीसला लोखंडाचा चुरा चिकटतो, आत पडत नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीनंच अँटी-सीझ लावून दिलं होतं, त्यामुळे वरून काही लावलं नाही. टोकाला बोट लागू दिलं नाही. आधी बोटांनी चार-पाच वेढे बसवले, मग पाना.

मजुरी विचारली. उस्ताद म्हणाले, "आठ सौ दे दो."

आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, "सातशे घ्या ना उस्ताद." सवयीनं. ज्या माणसानं माझे तीस हजार वाचवले, त्याच्याशी मी शंभर रुपयांची घासाघीस केली. त्यांनी सातशे घेतले. हा लेख त्या शंभर रुपयांच्या लाजेतून लिहितोय.

संध्याकाळी कॉलेजच्या एका मित्राला हे सांगितलं. तो खूश होऊन म्हणाला, "वा! आपल्या लोकांचा जुगाड म्हणजे जुगाड!" माझं डोकं तिथंच फिरलं. यात जुगाड कुठं होता? जुगाड म्हणजे तात्पुरतं भागवणं. दिवा विझावा म्हणून वायरीत रेझिस्टर टाकणं हा जुगाड. मागचा सेन्सर फसवायला मधे एक पोकळ नट बसवणं हाही जुगाड. कन्व्हर्टर फोडून रिकामा करून देणं तर गुन्हाच, आणि हे सगळं आपल्याच गॅरेजांत होतं, हेही कबूल करायला हवं. पण उस्तादांनी जे केलं त्याच्या प्रत्येक पायरीला कारण होतं. कोमट का, तापलेलं का नको. आधी आवळायचं का. आग कडीला का, सेन्सरला का नाही. विचारलं असतं तर प्रत्येकाचं उत्तर त्यांनी दिलं असतं. हे धातुशास्त्र आहे. आमच्या कॉलेजात हेच फळ्यावर लिहिलं तर त्याला लेक्चर म्हणतात आणि लेक्चररला सातव्या वेतन आयोगाचा पगार मिळतो. पत्र्याच्या शेडमध्ये केलं की जुगाड. हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण त्यात मजुरी कमी करायची सोय आहे. जुगाडाला कोण दोन हजार देतो?

हा विषय आपल्या समाजाला वेगळा लागतो. 2006 च्या नोव्हेंबरात सच्चर समितीनं अहवाल दिला. मुसलमान कामगार ज्या धंद्यांत इतरांच्या तुलनेत जास्त प्रमाणात दिसतात, त्यांत गाड्यांच्या दुरुस्तीचाही उल्लेख आहे. पगारी, नियमित नोकऱ्यांत मात्र ते कमी. ते अहवालात वाचायची खरं तर गरज नाही. कुठल्याही शहराच्या वेशीवर, स्टँडमागं, ट्रक थांबतात तिथं जाऊन पाहा. पंक्चर, रेडिएटर, डेंटिंग, डिझेल पंप. आपल्या मोहल्ल्यातला निम्मा चुलीचा खर्च तेलकट हातांतून येतो.

त्या हातांसमोर आता दोन भिंती उभ्या राहतायत.

पहिली भिंत कंपन्यांची. सुटे भाग फक्त अधिकृत वर्कशॉपला, दुरुस्तीची माहितीपुस्तिका फक्त त्यांना, कोड वाचायचं यंत्र फक्त त्यांना. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं याच कारणासाठी 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असं बजावलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, मग एक पोर्टलही निघालं. आमच्या पोरग्यापर्यंत यातलं जे पोहोचलं ते म्हणजे त्यानं स्वतःच्या खिशातून घेतलेला स्कॅनर. तो इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतो. एअरबॅग, एबीएस, चावीचं प्रोग्रामिंग तिथं त्याचा हात थांबतो आणि गाडी काचेच्या दाराकडे जाते.

'अख्खा भाग बदला' ही पद्धतही याच भिंतीची एक वीट आहे. मी वर्कशॉपच्या पोरांना दोष देत नाही. त्यांना तासाचं गणित आहे. जाम झालेल्या एका सेन्सरसाठी रात्रभर तेल मुरवत बसायला त्यांना कुणी पगार देत नाही. आटे गेले तर जबाबदारी त्यांची, मॅनिफोल्ड विकला तर फायदा मालकाचा. मग बदला म्हणणंच शहाणपणाचं. गिऱ्हाईकाच्या खिशाचा आणि भंगारात गेलेल्या चांगल्या लोखंडाचा विचार त्या हिशेबात नाही.

दुसरी भिंत मात्र आपण बांधलीय, आणि तिच्याबद्दल बोललं की आपल्यातलेच लोक रागावतात.

उस्तादांच्या हाताला तोड नाही. पण गेल्या वर्षी त्यांनी माझ्या इंजिनाच्या वरच्या झाकणाला साधं सिलिकॉन सीलंट लावलं होतं. तेल गळायचं ते थांबलं. नंतर मला वाचनात आलं की साध्या सिलिकॉनची वाफ इंजिनातून धुरात जाते आणि ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर थर बसवते. सेन्सर आंधळा होतो. म्हणून सेन्सरला चालेल असं लिहिलेलं वेगळं सीलंट मिळतं. माझा सेन्सर त्यानं मेला नाही, हीटरची तार तुटून मेला. तरी मी उस्तादांना ट्यूबवरचं इंग्रजी दाखवलं. ते ट्यूब उलटसुलट करून पाहत राहिले आणि मग पोरग्याकडे दिली. पोरग्यानंही अक्षरं जुळवत जुळवत वाचायचा प्रयत्न केला आणि मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला, भाषांतरासाठी.

नवा सेन्सर किती आवळायचा यालाही आकडा असतो, या मापाच्या सेन्सरला साधारण 40 ते 50 न्यूटन-मीटर. उस्तादांनी मनगटाच्या अंदाजानं आवळला. त्यांचा अंदाज बरोबरच असेल, चाळीस वर्षांचं मनगट आहे. पोरग्याचं मनगट सात वर्षांचं आहे. त्याला टॉर्कचा पाना हवा आणि तो आकडा ज्या पुस्तकात लिहिलाय ते पुस्तक वाचता यायला हवं.

'हातात हुनर आहे, पोरगं उपाशी मरणार नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. माझ्या अब्बांनीही माझ्या थोरल्या भावाबद्दल म्हटलं होतं. या वाक्याखाली आपण बाराव्या वर्षी पोरांना पान्याजवळ बसवलं. चौदाच्या आतल्या पोराला कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर तर घरच्या धंद्याची पळवाट सोडली तर सरसकट बंदी आहे. तरी चहा आणणारा, पाना देणारा 'छोटू' कुठल्या गॅरेजला नाही? आपण त्याला शागीर्द म्हणतो, म्हणजे बोचत नाही. उस्ताद-शागीर्दीत खरी तालीम असते, ती मी त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिली. पण त्या तालमीला एकही कागद नाही, आणि दहावीशिवाय आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडचं दार उघडत नाही.

यावर लोक म्हणतात की आयटीआय झालेल्या पोरांना काय येतं? उस्तादांचंही हेच म्हणणं. "आयटीआय का लडका आया था, सर. स्पार्क प्लग उलटा पकडा उसने." असेल. मग अशा पोराला जाम झालेला सेन्सर काढायला उस्ताद शिकवतील, आणि आमच्या पोरग्याला आयटीआय पुस्तक वाचायला शिकवेल. एकाला दुसऱ्याची गरज आहे हे मान्य करायला कुणीच तयार नाही, ना सरकार, ना आपण. अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची केंद्राची योजना आहे. उस्तादांच्या रस्त्यावरच्या चाळीस-पन्नास गॅरेजांत मी विचारलं, एकाकडेही असं प्रमाणपत्र नव्हतं. जमातीच्या मीटिंगांमध्ये शादीखान्याच्या फरशीवर दोन-दोन तास चर्चा होते. एखाद्या जुम्म्यानंतर मेकॅनिकांना बसवून या योजनेचे फॉर्म भरून घ्यायला किती वेळ लागेल?

घाई यासाठी की काळ थांबलेला नाही. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो. ऑक्सिजन सेन्सर नसतो, तो जाम होणं नसतं, तेल बदलणं नसतं. असते ती काही शे व्होल्टची बॅटरी, आणि तिच्यावर अंदाजानं हात घातला तर माणूस मरतो. तिथं कागद असल्याशिवाय कुणी उभंही करणार नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्या अजून पंधरा-वीस वर्षं धावतील, उस्तादांचं आयुष्य त्यांच्यावर निघून जाईल. पोरग्याचं जाणार नाही.

मागच्या आठवड्यात मी दहावीचा 17 नंबरचा फॉर्म घेऊन गॅरेजवर गेलो. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा. उस्ताद एका रिक्षाखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "दसवी करके क्या करेगा सर? मेरेकू छोडके जाएगा और क्या."

हे त्यांनी खरं सांगितलं. बाकीची सगळी कारणं मला आजवर ऐकवलेली, हे पहिल्यांदाच. पोरगा गेला तर त्या शेडमध्ये बोल्ट फुटल्याचा आवाज ऐकणारे दुसरे कान नाहीत. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं सौदीत आहेत. मी काही बोललो नाही. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पोरग्यानं हात पुसून फॉर्म घेतला, तेलाचा अंगठा उमटलाच. शाळा सोडल्याचा दाखला कुठं मिळेल, विचारत होता. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून काढावा लागेल. सोमवारी त्याला घेऊन जाणार आहे. आणि उस्तादांचे शंभर रुपये परवा देऊन आलो. त्यांनी कसले म्हणून विचारलं. मी म्हटलं, सेन्सरचे. ते म्हणाले, "वो तो हो गया ना हिसाब," आणि नोट न मोजता खिशात ठेवली.